विरामाची जागा

चॅड्रन सोडलं तेव्हा साडेपाच. गवतावर दव,
आर्डिसच्या मांडीवर दालचिनीच्या पावांचा डबा
आणि एक नकाशा, जो घड्यांवर फाटून
आता चार वेगळ्या राज्यांसारखा झालाय.
"फोनमध्ये आहे सगळं," मी म्हणालो.
"फोनमध्ये माझ्या पेन्सिलीच्या खुणा नाहीत."

दर पाच-सहा वर्षांनी हाच रस्ता.
नेब्रास्का संपतं आणि काहीच बदलत नाही,
फक्त डांबराचा रंग.
हॉट स्प्रिंग्सला पेट्रोल घेतलं.
गाडीतून उतरून सरळ उभं राहायला
पूर्वी वेळ लागायचा नाही, ही एक नवीन गोष्ट.

उद्यानात शिरलो तर रस्त्याच्या मधोमध बायसन,
सरकारी कामासारखा. हलेना.
मागे सात गाड्या. कोणी हॉर्न वाजवला नाही.
आर्डिसनं काच खाली केली, म्हणाली,
"तुझ्या आजोबालाही हीच खोड होती."

गुहेचं मूळ तोंड परातीएवढं.
बाहेर हवेचा दाब वाढला की ती श्वास आत ओढते,
उतरला की सोडते.
डेलन नावाच्या पोरानं तिथे रिबन धरली.
रिबन आत झुकली.
माझी आजी लाकोटा, तो म्हणाला,
आमची माणसं इथूनच वर आली, या भोकातून.
हे सांगताना त्यानं टोपी काढली होती.
मग ती डोक्यावर ठेवली आणि पुन्हा रेंजर झाला.

पायऱ्या तीनशेच्या आसपास. मी मोजतो, दरवेळी चुकतो.
आर्डिस मोजत नाही. कुठे वाकायचं
ते तिच्या मानेला आधीच ठाऊक.
एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात इथे ती
कंदील घेऊन लोकांना फिरवायची. वय बावीस.
मी त्या घोळक्यात शेवटचा.
छताला डोकं आपटलं, म्हणून तिच्या लक्षात राहिलो.

छतावर दगडाची जाळी,
मध कधीच न भरलेलं पोळं.
त्याखाली डेलननं आम्हाला उभं केलं
आणि दिवे घालवले.

रात्री असतो तो अंधार नव्हे हा.
डोळे उघडे की मिटलेले, ते बोटानं चाचपावं लागतं.
कुणाची तरी चेन वाजली. एक मूल "आई" म्हणालं.
आणि डेलनचा आवाज:
"अख्ख्या साउथ डकोटात ही एकच जागा, जिथे कोणालाच सुरकुत्या नाहीत."

लोक हसले.
मी आर्डिसकडे पाहिलं, ज्याला तिथे काही अर्थ नव्हता.

ते वाक्य तिचं.
ऑगस्टमधला मंगळवार, कंदील विझलेला, काड्या सादळलेल्या,
आणि एक म्हातारी बाई घाबरून रडकुंडीला आलेली.
तिच्यासाठी जुळवलेलं, उभ्याउभ्या.
तेव्हा आर्डिसच्या चेहऱ्यावर
उशीच्या अभ्र्याचीसुद्धा वळी टिकत नसे.

दिवे लागले. सगळे डोळे चोळत, एकमेकांना नव्यानं बघत.
"ते सुरकुत्यांचं कुठून आलं?" मी डेलनला विचारलं.
"इथे सगळेच म्हणतात, सर. गुहेचंच असेल."
मी तोंड उघडलं.
आर्डिसनं माझ्या बुटावर पाय दिला.

वर लिफ्टनं आलो. ऊन, पार्किंग,
बिळाबिळांतून उभे राहून आमची चौकशी करणारे प्रेअरी डॉग.
ती काही बोलली नाही.
बॅडलँड्सपर्यंत नाही. तिथेही नाही.
ट्रकच्या मागच्या फळीवर बसून आम्ही पाव खाल्ले,
समोरच्या टेकड्या पट्ट्यापट्ट्यांनी विझत गेल्या,
आधी गुलाबी, मग राखाडी, मग नुसती कड.
तिचा मूड गेला असावा, असं मी धरून चाललो.
चाळीस वर्षांनीही मी असंच काहीतरी धरून चालतो.

मग डब्याचं झाकण लावत ती म्हणाली,
"घाई करतो पोरगा.
'एकच जागा' म्हटल्यावर थांबायचं असतं.
माणसांना अंधार नीट लागू द्यायचा. मग पुढचं."

तिनं पाठ ताठ केली, समोर कोणी नसताना
आवाज जरा वर घेतला,
"अख्ख्या साउथ डकोटात ही एकच जागा—"

गवतात कुठेसा एक पक्षी बोलायला लागला.
त्याचं होईपर्यंत ती थांबली.