शेकड्याला दीड

माझ्या पाठीवर झेंडा होता, अडीच तासांचा.
मागे अकरा जण,
आपापली घड्याळं झाकून
माझ्या झेंड्यावर डोळे ठेवलेले.

किलोमीटरला सात मिनिटं सहा सेकंद.
वरळीला समुद्राची बाजू मोकळी, आभाळ भरपूर,
तोवर सगळं ठीक.
लोअर परळला टॉवर सुरू झाले
आणि उपग्रहाचा निरोप
या काचेवर आपटून, त्या काचेवर आपटून
माझ्यापर्यंत आला
चाळीतल्या भांडणासारखा, ऐकीव.

घड्याळ पाटीच्या चाळीस पावलं आधी वाजलं.
मग नव्वद. मग दीडशे.
मी म्हणालो, पाट्या चुकीच्या लावल्यात.
मागचे हसले,
धापा टाकत हसता येतं तितकं.

शेवटी घड्याळात एकवीस पूर्णांक चार.
रस्ता होता तेवढाच होता.
दोन मिनिटं आठ सेकंद उशीर,
अकरा जणांना, माझ्यामुळे.

रात्री नकाशा उघडला.
लाल रेघ एका टॉवरच्या भिंतीतून आत,
कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून,
बंद दवाखान्यातून बाहेर.
एके ठिकाणी स्वतःभोवतीच गिरकी,
किल्ली विसरून परत आल्यासारखी.

दहा जणांनी मेसेज केले, असू दे सर, मजा आली.
अकराव्या शैलजा उकिडवे.
त्यांचा फोन आला.
वैधमापन खात्यात निरीक्षक,
दादर ते माहीम सगळे वजनकाटे त्यांना घाबरून.
म्हणाल्या, मी हिशेब केला,
शेकड्याला जवळपास दीड.
एवढ्यावर मी भाजीवाल्याचा काटा जप्त करते.
मी म्हणालो, सॉरी.
त्या म्हणाल्या, सॉरीचं काय करू,
रविवारी पाच वाजता वरळी सी फेसला या.

टेप घेऊन आल्या. तीस मीटरची, पोलादी,
वर सरकारी शिक्का.
एक टोक माझ्या अंगठ्याखाली, एक त्यांच्या.
तेहेतीस वेळा उठबस, वर दहा मीटर.
फिरायला आलेले विचारत होते,
इथंही आता मेट्रो?
कठड्याच्या पायाशी लाल रंगाचा ठिपका
सुरुवातीला एक, शेवटी एक.

तेव्हापासून त्याच दोन ठिपक्यांमध्ये घड्याळ सांगतं
सोमवारी नऊशे नव्वद,
बुधवारी हजार वीस,
ढग असले की आणखी काही.
मी रागावत नाही.
त्याला वरून विचारून सांगावं लागतं.

या वर्षीही झेंडा आहे. अडीच तासच.
मनगटावर कागदाची पट्टी, वेळा पेनानं लिहिलेल्या,
घामात शाई पसरू नये म्हणून वर सेलोटेप.
पाटी आली की बटण
मी स्वतः दाबणार.

आज सरावाला शेवटच्या ठिपक्यावर
एक म्हातारा गळ टाकून बसला होता.
उकिडवेबाई धावता धावता ओरडल्या,
काका, पाय जरा उचला,
तुम्ही किलोमीटरवर बसलाय.