स्पीरा

पोथियाच्या धक्क्यावर, वाळत घातलेल्या जाळ्यांपाशी
थेमेलिना वही उघडून बसली आहे.
उद्यापर्यंत एका शब्दाचा अर्थ हवा आणि उगम हवा.
शब्द ज्याचा त्याने निवडायचा, बाई म्हणाल्या.
हिने उचलला तो सकाळच्या पेपरातला:
स्पीरा.
मथळ्यात त्याचा अर्थ टोळी.
समुद्राच्या तळाचे जुने रांजण चोरून विकणारी,
पाच जणांची, पाचही चेहरे पुसट केलेले.

आजोबा, स्पीरा म्हणजे चोरच ना?

सकेल्लारिस गप्प.
हातात दोर असला की तो बोलत नाही.
वर दोर धरणाऱ्याने बोलायचं नसतं,
खाली गेलेला माणूस दोरातून बोलतो:
एक हिसका, ठीक आहे.
दोन, सैल सोड.
तिसऱ्याबद्दल त्यांच्या घरात कुणी विचारत नाही.

तो दोराचे फेर घालतो, घड्याळाच्या काट्यांच्या वाटेने.
उलटा घातला की पीळ रुसतो,
ऐन वेळी गाठ धरतो.
फेरावर फेर, चुंबळीवर चुंबळ,
शेपटीत नाक खुपसून निजलेल्या कुत्र्यासारखा
दोर फळीवर निजतो.

मग म्हणतो, स्पीरा ही. हे वेटोळं.
बाकी सगळं मागाहून.
एक फेर म्हणजे एक वाव, माझे दोन्ही हात पसरले की होतो तेवढा.
थोरल्या मिकेसला मी वीस फेर मोजून दिले,
स्पंज तेवढ्याच खोल होते.
एकविसावा त्याने ओढून घेतला.
बाविसावाही.
मग दोर हलका झाला.

थेमेलिना लिहिते: आधी, दोर.
पुढचं शाळेच्या जाड कोशातून उतरवते:
सापाचा विळखा. जहाजाचा दोर.
दगडी खांबाच्या पायथ्याची गोल वळी.
रोमी फौजेतली तुकडी.
आणि मग ते, पेपरातलं.

पण दोरातून शिपाई कसे निघाले?
फेर फेराला धरून बसतो ना, म्हणून असेल.
आणि शिपायांतून चोर?
ते मात्र तो तिच्याकडे न बघता ऐकतो.

मी शेजारच्या बाकावर, आमच्या बोटीच्या पंपाचा
सुटा भाग पिरेयसहून यायची वाट बघत, चौथा दिवस.
त्यांची भाषा मला कामापुरती येते,
तरी हा शब्द मी कानात धरून आपल्याकडे ओढतो:
वेटोळं.
त्याच्याही पोटात टोळी निघते की!
व्याकरणवाले म्हणतील, कानाची चूक.
असेल. मी ती कुणाला सांगत नाही.

पोरगी वही गुडघ्यावर ठेवून फोटो बघते आहे.
यातला चौथा कोण, आजोबा? याचा खांदा बघा, डावा,
कसा खाली उतरलाय.

सकेल्लारिसने तो खांदा सकाळीच पाहिला आहे.
मिकेसचा खांदा, आता पोराच्या अंगावर.
नोमिकोस. नावाचा अर्थ, कायद्याचा.
बाप गेला तेव्हा सहा वर्षांचा होता.
त्याच्या कमरेला पहिला दोर यानेच बांधला,
कान कसे मोकळे करायचे, श्वास किती राखायचा,
तळाच्या चिखलात रांजणाचं तोंड कसं ओळखायचं,
हेही.

तिसरा हिसका म्हणजे, तो एकदम म्हणतो,
मला वर घे.
थेमेलिना पेन उचलते. हे लिहू?
नको.
दिला असेल पोराने, तो म्हणतो, दिलाच असेल.
माझ्या हातात तेव्हा दुसऱ्याच कुणाचा दोर होता.

अर्थाचं पान भरलं आहे.
उगमापुढे तिने दोन टिंबं देऊन जागा सोडली आहे.
संध्याकाळची फेरी भोंगा देते. माझा पंप त्यावर नाही.

सकेल्लारिस वेटोळं उचलायला वाकतो आणि थांबतो.
अख्खा दोर उलटा पडला आहे,
पहिल्या फेरापासून.
म्हातारा फळीवर बसतो,
टोक शोधतो,
आणि सोडवायला घेतो.