अवघड नाही

चपलेवरही जमतं, बाप्पा. अवघड नाही.
एसटीच्या शेडपासून सकाळी निघायचं,
ऊन पाठीवर असेल, डोळ्यात येणार नाही.
शेडमागं पहिला खांब. त्यावर आकडा: एक.
एकतीस वर्षं या लाईनीवर चढलो-उतरलो,
तुला नकाशा कशाला?
तारांच्या खालून चालत राहा.

चौथ्यापर्यंत करडई आहे. बांधानं जा,
करडईचा काटा पाहुणा ओळखत नाही.
चौथ्याशी तीन दगड उभे दिसतील.
बायका म्हसोबा म्हणून शेंदूर लावतात, लावू दे.
तू खाली वाकून बघ:
तळाला गाई, आणि एक जण तलवार उगारलेला.
मधल्या पट्टीत त्याला अप्सरा वर नेतायत.
वर तोच, पिंडीपुढं हात जोडून.
नाव कुठंच कोरलेलं नाही त्याचं.
गाईंची शिंगं मात्र एकूण एक.
कोणाची गुरं होती ती,
पुढं त्यांचं दूध कोण प्यालं,
खांबावर चढलो की हेच मनात यायचं मला.

सातव्याला माळ लागतो. पाणी पी.
तरवड, कुसळ, मधेच पांढऱ्या गारगोट्या,
जणू कोणाची सुपारी-खोबऱ्याची पिशवी फाटली.
चंडोल उठेल, सरळ वर जाईल,
ना खांब, ना कमरेला पट्टा,
आणि तिथून गाईल.
मी वर गेलो की सबस्टेशनला शिव्या द्यायचो.

तिथंच गवतात निजामाच्या वेळचा मैलाचा दगड.
तुला वाचता यायचा नाही, मलाही येत नाही.
महेबूब मिस्त्रीनं एकदा बोटानं माती कोरून काढली,
"सात मील," म्हणाला.
पुढचं नाव मनातच वाचलं त्यानं.
तंबाखू मळली, खाल्ली नाही, टाकून दिली.
आजोळ होतं त्याचं. धरणात गेलेलं.
गाव पाण्याखाली,
सात मैल अजून इथं उन्हात.

नवव्याला तार डावीकडं वळते. तू वळू नको.
उताराला लाग. धावडा, खैर, एखादा चंदन,
त्याच्या बुंध्यावर कुऱ्हाडीची खूण, चोर अर्ध्यात पळाला असेल.
ओढा घोट्याएवढा. चप्पल हातात घे.
मग झाडीत जमीन अचानक संपते.

बारव.

काळी, चौकोनी, उलट्या देवळासारखी खाली गेलेली.
कोनाड्यातल्या देवाचं नाक गेलंय, हसू राहिलंय.
हाक मार. आवाज एकदा फिरून येतो.
दुसऱ्यांदा मारू नको, पाकोळ्या उठतात,
त्यांचंही घर आहे.
उतरायला अवघड नाही. चढताना मधे बस.

आता माझं एक काम कर.
वरून पायऱ्या मोज. एकोणिसाव्या पायरीला,
डाव्या हाताला, वाटीएवढा खळगा आहे.
लाईन बंद असली की सुलक्षणा तिथं डबा घेऊन यायची
आणि ठेचा त्या खळग्यात काढायची.
"नक्षीच्या ताटात जेवा," म्हणायची.
तीन वर्षं झाली, कंबर खाली उतरू देत नाही.
एवढं पौषात ती पायरी उघडी असते, मी म्हणतो.
पाण्याखाली असते, ती म्हणते.
आत्ता आतून भांडी आपटायलीय ना, तीच.
दहा रुपयांची पैज आहे.

जा. ज्वारीला हुरडा धरलाय, कोणी बोलावलं तर नाही म्हणू नको,
दुपारपर्यंत परत ये.
आणि खरं काय ते सांग.
तिच्यासमोर नको पण.
आधी मला.