रकाना सात

रात्रीचे सव्वाअकरा. मिलवॉकीत, सेंटर स्ट्रीटवरच्या
चर्चच्या तळघरात हीटर खोकतो आणि गप्प होतो.
मी अर्ज भरतेय. मुदत बारापर्यंत.
रकाना सात म्हणतो :
आपले समुपदेशन सांस्कृतिकदृष्ट्या सक्षम कसे,
हे पाचशे अक्षरांत लिहा.
रिकामी जागासुद्धा अक्षर धरली जाईल.

लॅट्रीसचं कसं धरू मी?
ती आधी जायची शहराच्या दुसऱ्या टोकाला,
दोन बस बदलून,
जिथं कागदी रुमालांचा डबा होता, कुंडीत खरंखुरं झाड होतं.
बाई चांगल्या होत्या. चांगल्याच होत्या, असं ती तीनदा म्हणाली.
पण पन्नास मिनिटांतली चाळीस
बाईंना शिकवण्यातच गेली,
की आमच्या गल्लीत काळी बाई पोलिसांना फोन करण्याआधी
दहादा विचार का करते.
"त्यानं थांबावं, एवढंच हवं होतं मला.
माझ्या दारात, पोरांदेखत
त्यानं मरावं, असं नव्हतं."
बाईंनी ते लिहून घेतलं.
मग विचारलं, आणि यावर तुम्हाला काय वाटतं?
उरलेल्या दहा मिनिटांत तिनं पर्समधली
परतीची चिल्लर मोजली.

आमच्याकडे व्हर्डेल आहे.
आठवड्याला अकरा तास. तेवढेच पैसे पुरतात.
पहिल्या दिवशी तिनं काहीच विचारलं नाही.
म्हणाली, इथं तुला कुणी खंबीर म्हणणार नाही. बैस.
लॅट्रीस बसली. बराच वेळ नुसती बसली.
मग स्वतःच डोक्याचा स्कार्फ सोडला :
डाव्या कानामागे नाण्याएवढं टक्कल,
वेणी मुळासकट गेली होती तिथं.
व्हर्डेल जवळ सरकली. बघितलं.
"माझ्या मावशीला इथंच होतं.
एरंडेल लाव. हळू. घासू नकोस."

एरंडेल.
हे सक्षम आहे का?
लिहिते. खोडते.

घरातलं घरात, असं आई म्हणायची.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
आमच्या घरात मूठ तेवढी कधी झाकलेली नसायची.
बाप कातड्याच्या कारखान्यातून यायचा,
मुकादमानं दिवसभर केलेला अपमान
डब्यात भरून आणायचा
आणि आईला वाढायचा.
ती जेवायची.
पास्टर म्हणायचे, प्रार्थना कर.
ती तेही करायची, दाताखाली ओठ धरून.
हे अर्जात नाही. अर्जात फक्त
मागील तीन वर्षांची लाभार्थी संख्या.

गेल्या वर्षीच्या देणगीदारांनी फोटो मागितला होता,
शक्यतो हसतमुख.
आम्ही हातांचा पाठवला.
पुढचा हप्ता आला नाही. कारण कळवलं नाही.

रकाना आठ, रक्कम :
व्हर्डेलचे तास अकरावरून वीस.
बसचे पास.
मागच्या खोलीत पोरांपाशी बसणारं कुणीतरी,
जे दार आपटलं तर दचकणार नाही,
किंवा दचकलं तरी पोरांना दिसू देणार नाही.
एरंडेल धरत नाही. ते मी माझ्या पगारातून आणते.

बाराला आठ कमी.
सातमध्ये परत येते. चार अक्षरं शिल्लक.
लॅट्रीसला तीनच लागतात.
टाइप करून बघते, दिसतं कसं.
नावं लिहायची नाहीत, हा नियम आमचाच,
मीच केलेला. पुसते.
बटण दाबते.

आभारी आहोत. निर्णय नव्वद दिवसांत कळवू.

हीटरला लाथ घालते. पुन्हा खोकतो.
उद्या मंगळवार. व्हर्डेल दहाला येईल
आणि साडेनऊपासूनच पायरीवर कुणीतरी असेल,
थंडीत, कोट गळ्यापर्यंत लावून,
आपण चुकून इथं थांबलोय असं दाखवत.
तिला विचारायचं, आत येतेस, का इथंच बसतेस?
दोन्ही चालतं.