मानकापूरचं तिकीट

कंडक्टर विचारतो, कुठलं?
मी म्हणते, मानकापूर.
उतरायचं असतं एक स्टॉप आधी,
पण तो शब्द बर्डीच्या गर्दीत
तोंडातून निघत नाही.
मागच्या सीटवर समजा निखारेंची सून निघाली तर?

पागलखाना चौक.
अख्खं शहर किती सहज म्हणते,
पत्ता सांगताना, भाजीवाल्याशी भांडताना,
"पागलखान्याच्या सिग्नलवरून वळव न बे!"
माझ्या लहानपणी ती धमकी होती:
लय रडशील तर तिथंच सोडून येईन.
मग मी रडणं सोडलं.

सोडलं म्हणजे काय, वेळ बदलली.
रात्री साडेतीन.
उन्हाळ्यात सोयीचं असतं,
खिडकीतला कूलर ट्रकसारखा घरघरतो,
पंप, पाणी, ओला वाळा,
त्या आवाजाखाली एक अख्खी बाई झाकून जाते.
पण यांनी एकदा का कूलरला ताडपत्री बांधली
की माझी पंचाईत.
मग न्हाणीघर, नळ, बादली,
अन् सकाळी सासूबाई:
एवढं पाणी कोण सांडून राहिलं गं?

वहिनी म्हणाली, थायरॉईड बघ.
शेजारच्या काकू म्हणाल्या, रिकामं डोकं, दुसरं काय,
आमच्यासोबत मूगवड्या घाल.
घातल्या. दोन किलो.
गच्चीवर त्या वाळत होत्या
आणि मी कठड्यापाशी
गरजेपेक्षा जास्त वेळ उभी होते.
खालून पोट्टा ओरडला, आई, भूक लागली.
मी खाली आले. जिन्यानं.

त्या जिन्यावरच ठरलं बहुतेक.
तरी मधे सात महिने गेले.

मानकापूरला उतरून उलटी चालत आले,
भिंतीच्या कडेकडेनं, डोक्यावर ओढणी,
नागपूरचं ऊन त्याला चांगलं निमित्त.
वाटलं होतं आतून किंकाळ्या येतील.
आत रांग होती.
माझ्यापुढची बाई उभ्या उभ्या मेथी निवडत होती,
काड्या पदरात, पानं पिशवीत,
म्हणाली, नंबर यायले वेळ आहे, टेकून घ्या.
खिडकीतल्यानं विचारलं, नाव?
शैला धकाते.
सोबत कोण?
कोणी नाही.
मला वाटलं, परत पाठवेल.
हाव, चालते न, म्हणाला. तिकडं बसा.

डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची.
टेबलावर पाटी, डॉ. धुर्वे,
आणि अर्धं सोललेलं संत्रं.
केव्हापासून होतंय हे?

केव्हापासून.
धाकट्याच्या बाळंतपणापासून?
बाबा मिलचं कुलूप बघून घरी आले
आणि भिंतीकडे तोंड करून झोपले, तेव्हापासून?
की त्याही आधी,
जेव्हा मला वाटायचं, सगळ्यांनाच असं होतं,
फक्त कोणी बोलत नाही?
मी म्हटलं, कूलर घ्यायच्या आधीपासून.
ती हसली नाही.
कूलर केव्हा घेतला?
दोन हजार सहा.
तिनं तसंच लिहून घेतलं.

मग विचारलं, मरावंसं वाटतं?
चहात साखर किती, इतक्या साध्या आवाजात.
मी म्हटलं, कधी कधी.
माझे शब्द मलाच ऐकू आले,
पंपाशिवाय, नळाशिवाय.
पंखा फिरत राहिला.
छत जागेवर होतं.
तिनं पेन खाली ठेवलं
आणि संत्र्याची बशी माझ्याकडे सरकवली.
सांगा, म्हणाली. बाहेरची रांग थांबेल थोडी.

गोळीनं तोंड कोरडं पडतं.
परवा पहाटे पाचपर्यंत झोप लागली,
काल पुन्हा साडेतीन.
यांना वाटतं, मी गुडघ्यासाठी जाते.
सांगीन. अजून नाही सांगितलं.

आज तिसरा मंगळवार.
कंडक्टर विचारतो, कुठलं?
मी म्हणते.
जरा जास्तच मोठ्यानं निघतो शब्द,
पुढचे दोघं वळून बघतात.
कंडक्टर तिकीट फाडतो,
माझ्या नोटेकडे बघून वैतागतो:
सुटे द्या न, बाई,
सकाळपासून सगळे पाचशेचीच काढून राहिले.