शांत कोन

तळघराच्या पायऱ्या उतरताना आधी तोच ऐकू आला,
गिटारच्या आधी, वेंडेलच्या खोकल्याच्याही आधी.
साठ आवर्तनांचा तो भुणभुणाट,
भिंतीतल्या वायरींतून चालत आलेला,
पेल्याखाली कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा.

"अर्थिंग बघ," वेंडेल म्हणाला. अँपकडे बघून म्हणाला.
अकरा महिन्यांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य,
तेही जमिनीत जाणाऱ्या तारेबद्दल.
व्हॅन विकली होती त्याने, मला न विचारता.
त्यावर मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

ड्यूलूथमध्ये त्या रात्री उणे बावीस.
सरोवर पार बंदराच्या तोंडापर्यंत गोठलेलं,
तरी आम्ही बॉयलर बंद केला, कारण त्याचा पंखा घरघरतो.
मग ट्यूबलाइट. मग जिन्यातला तो दिवा,
ज्याचं बटण फिरवलं की उजेड कमी होतो आणि खरखर वाढते.
फोन वर, थेल्माच्या ओट्यावर, पालथे.
शेवटी फ्रिज. त्यात हरणाचं मटण, थेल्माच्या जावयाने मारलेलं.
वेंडेलने ट्रकची किल्ली बर्फाच्या कप्प्यात टाकली.
त्याची जुनी रीत:
फ्रिज चालू केल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.

एक टॉर्च, तीन कोट, दोन माणसं.
आणि भुणभुण अजून आहेच.

तारांवर तळहात ठेवला की ती दबते.
उचलला की परत.
म्हणजे तिला टेकायला माझं अंग लागतं,
पण वाजवायचं तर हात उचलावाच लागतो.

"गेट लावू?"
"नको."
गेट लावलं की स्वर विझताना
त्याचं जे शेवटचं शेपूट थरथरतं
तेच दारात चिरडतं.
हे त्यानेच मला शिकवलं होतं, सतराव्या वर्षी.

मग मी स्टुलावर बसल्या बसल्या फिरू लागलो,
गिटार पोटाशी धरून, इंचाइंचाने,
रेडिओवर स्टेशन शोधावं तसा.
खिडकीकडे तोंड: मोठा आवाज.
धुण्याच्या मशीनकडे: त्याहून मोठा.
आणखी थोडं, आणखी,
आणि एकाएकी काही नाही.
इतकं काही नाही की
छतातला पाइप आकसताना कुरकुरला तेही ऐकू आलं.

पाहिलं तर समोर सिमेंटची भिंत, पाठीमागे वेंडेल.

असे शांत कोन दोन असतात, एकमेकांच्या बरोबर उलट.
दुसरा मला बघायची गरज नव्हती.
भिंत बरी होती. भिंतीने काही विकलं नव्हतं.
पण स्टूल करकरलं, आणि मी अर्धा वळसा घेतला होता.

त्याची दाढी पांढरी झालीय, हे मला ठाऊक नव्हतं.
हेडफोनचा एक कान त्याने वर केला,
"शांत आहे," म्हणाला, आणि लाल बटण दाबलं.

पहिला टेक गेला. गारठलेली बोटं, चुकीचा पडदा.
दुसऱ्यात तिसऱ्या ओळीपाशी एक छोटा उंचवटा,
पडद्यावर स्पष्ट दिसणारा: कुणीतरी नाकाने हसलं होतं.
"आवाज आलाय मागे," मी म्हणालो.
"कुणाचा?" वेंडेलने विचारलं,
आणि पुसला नाही.

दीडच्या सुमाराला तो निघाला.
टोपी घातली, मान हलवली, पायऱ्या चढला.
वर दाराशी खिसे चाचपल्याचा आवाज.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग बूट, एकेक पायरी, खाली येणारे.