नीरम

दालकावेत, खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
डॉन एलेउतेरिओंचा संगणक
सुरू व्हायला इतका वेळ घेतो
की तोवर चुलीवरची किटली दोनदा उकळते.

"बिघडलाय का?"
बिघडला नाही. त्याच्याकडच्या मागण्या वाढल्यात.
दर नव्या आवृत्तीला थोडी जास्त जागा हवी,
आणि याच्याकडे एक जीबी मेमरी,
बत्तीस बिटांचा प्रोसेसर,
आणि पंख्यात लाकडाचा भुसा.
सुताराच्या घरातलं यंत्र. ब्रशने झाडलं
तर खोलीभर सरूचा वास.

स्वेटरच्या खिशातून मी तीन पेनड्राइव्ह काढले.
"फुकट आहेत. आणि हलक्या सिस्टिम."
फुकट म्हटल्यावर त्यांची एक भुवई वर गेली,
हलक्या म्हटल्यावर दुसरी.

चाळीस वर्षं होड्या बांधल्यात या माणसाने.
"हलकी म्हणजे किती हलकी, यास्ना?
रिकामी होडी आधी उलटते.
तळाशी दगडांचं नीरम लागतं.
हिचं नीरम काय?"

मला उत्तर सुचलं नाही. मी पहिला पेनड्राइव्ह लावला.

काळा पडदा, पांढरी अक्षरं भराभर,
मग नुसती एक रेघ, लुकलुकणारी.
भरतीची वाट पाहावी तसे
आम्ही दोघं बघत बसलो.
आली नाही.

दुसरी देखणी. निळा डोंगर,
उघडताना किंचित फुगणाऱ्या खिडक्या.
पण बाण माउसच्या मागून यायचा,
लंगडत, वाटेत कुणाशी तरी बोलत थांबल्यासारखा.
"सांतियागोचा पाहुणा," ते म्हणाले,
"बूट काढायलाच अर्धा तास."

तिसरी राखाडी.
खाली एक पट्टी, पट्टीवर घड्याळ. बस्स.
अडतीस सेकंद.
किटली अजून नुसती कुरकुरत होती.

"हिच्यात काय काय नाही?"
असं मला कुणी कधी विचारलेलं नाही.
हवामानाचं चित्र नाही, मी म्हटलं.
त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं: चालेल.
न विचारता बोलणारी बाई नाही.
यावर ते बराच वेळ गप्प, मग एकदम हसले.
वायफाय ओळखत नाहीये, ड्रायव्हर शोधावा लागेल.
"शोध की. आज नको."

मग म्हणाले, होड्यांची वही उघडते का बघ.

एर्मिनियाबाईंनी टाइप केलेला तक्ता, दोन बोटांनी,
शेवटच्या हिवाळ्यात:
नाव, लांबी, लाकूड, कुणासाठी.
एक्केचाळीस ओळी.
जुन्या सिस्टिमवर तो उघडायचा,
पण जरा सरकवला की सगळं गोठायचं,
म्हणून त्यांनी कधी सरकवलाच नव्हता.

आज माझ्या हातून सहज सरकला
उजवीकडे,
आणि तिथे आणखी एक रकाना:
आता कुठे.

बुडाली.
विकली, केयोनला.
चुलीत गेली (मालकाने स्वतः सांगितलं).
बुडाली.
कोंबड्यांचं खुराडं.
अजून जाते शिंपले आणायला.
सत्ताविसाव्या ओळीत, ला पोर्फिआदा:
माहीत नाही. एवारिस्तोला विचारणे.

"ही केव्हा विचारत हिंडली?"
प्रश्न मला नव्हता.
"केवढी आहे ही फाइल?"
काहीच नाही, मी म्हटलं. दोनशे बारा केबी.
"काहीच नाही," ते म्हणाले,
आणि खुंटीवरची लोकरी टोपी घेतली.
एवारिस्तो मानसिया उतारावर तिसऱ्या घरात राहतो,
जागा असतो, ऐकू जरा कमी येतं.

दार उघडलं तसा वारा आत आला,
पडद्यावर प्रश्न तसाच उभा होता:
संपूर्ण डिस्क पुसायची? हो. नाही.

दुसरा पेनड्राइव्ह, तो निळ्या डोंगराचा,
मी रिकामा केला
आणि त्यावर तक्ता उतरवून घेतला. मग पुन्हा एकदा,
माझ्या फोनवर.

'हो' अजून दाबलेलं नाही.
किटलीत पाणी वाढवलंय, दोघांपुरतं,
एवारिस्तोही आला तर
कमी पडेल.